आराग्वायाच्या तीरावरील सांव फेलिक्स



परमेश्वराच्या कृपेनें आपल्या धर्मग्रामाचा सुवर्णमहोत्सव समीप आला, आणि ह्या स्मरणिकेसाठीं कांहीं इतिहासपर लिहावें अशी आज्ञा संपादक मंडळानें आम्हांस केली. आपल्या मंदिराचा पाया केव्हां घातला गेला, घंटा कोणीं अर्पण केली, वेदी कोणाच्या देणगींतून उभी राहिली, ही हकीकत ह्याच अंकांत इतर अधिकारी लेखकांनीं दिली आहे. ती पुन्हां सांगण्यांत अर्थ नाहीं. म्हणून आम्ही वाचकांस फार दूरच्या एका लहानशा गांवीं घेऊन जात आहों. तें गांव म्हणजे दक्षिण अमेरिकेंतील ब्राझील देशाच्या मातो ग्रोसो प्रांतांतील सांव फेलिक्स दो आराग्वाया, अर्थात् आराग्वाया नदीवरील संत फेलिक्स.

इतक्या दूरच्या गांवाशीं आपला काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो जुना आहे. ज्या पोर्तुगीज गलबतांनीं आपल्या किनाऱ्यावर शुभवर्तमान आणलें, तींच गलबतें ब्राझीलच्या किनाऱ्यासही लागत असत. अननस व काजू हीं फळें त्यांतूनच आपल्याकडे आलीं. त्यांचीं नांवेंसुद्धां मूळ ब्राझीलच्या आदिवासींच्या तुपी भाषेंतील आहेत. उलट दिशेनें आपला वसईचा पुत्र संत गोन्सालो गार्सिया ब्राझीलमध्यें पूजिला गेला. इ. स. १५९७ त नागासाकी येथें क्रूसावर प्राण अर्पण करणाऱ्या ह्या धर्मवीराची आई भारतीय होती. म्हणून ब्राझीलमधील मिश्रवंशीय लोकांनीं, ज्यांस गोरे लोक कमी लेखीत असत, त्यास आपला आश्रयदाता मानलें. रेसीफे नगरांत १७४५ सालीं त्यांनीं त्याचा मोठा उत्सव केला. त्यास संतपद मिळण्यास तेव्हां शंभराहून अधिक वर्षें अवकाश होता. तिसरा दुवा म्हणजे गाय. त्याविषयीं पुढें सविस्तर लिहूं, कारण सांव फेलिक्सचें सुख व दुःख दोन्ही त्या गाईच्या पावलांनीं आलीं.

स्थलवर्णन

आराग्वाया ही ब्राझीलच्या मध्यभागांतून उत्तरेस वाहणारी मोठी नदी. वाटेंत तिचे दोन फांटे होतात आणि त्यांच्यामध्यें बनानाल नांवाचें बेट तयार झालें आहे. नदीनें वेढलेल्या बेटांत तें जगांतील सर्वांत मोठें मानलें जातें. त्याचें क्षेत्र सुमारें वीस हजार चौरस किलोमीटर आहे. ह्या बेटासमोर, नदीच्या पश्चिम तीरावर, सांव फेलिक्स वसलें आहे. मातो ग्रोसोची राजधानी कुयाबा येथून हजाराहून अधिक किलोमीटर दूर आहे. वर्षाचे दोनच ऋतु. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत पाऊस, तेव्हां सखल रानें पाण्याखालीं जातात. मेपासून सप्टेंबरपर्यंत कोरडा काळ, तेव्हां नदी ओसरते आणि पात्रांत पांढऱ्या वाळूच्या विस्तीर्ण चौपाट्या उघड्या पडतात. आमाझोनचें घनदाट अरण्य आणि खुरट्या वृक्षांचें माळरान ह्या दोहोंची शीव ह्याच भागांत आहे.

ब्राझीलमध्यें 'नगरपालिका' म्हटली म्हणजे केवळ शहर नव्हे. गांव आणि त्याभोंवतालचा सारा मुलूख मिळून एक नगरपालिका होते. तिला निवडून आलेला नगराध्यक्ष असतो व लहान ठिकाणीं नऊ सभासदांचें मंडळ असतें. म्हणजे आपल्याकडील तालुका व नगरपरिषद एकत्र केल्यासारखें. सांव फेलिक्सच्या नगरपालिकेचा विस्तार साडेसोळा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक, अर्थात् पालघर जिल्ह्याच्या सुमारें तिप्पट. आणि २०१० च्या शिरगणतींत तेथील लोकसंख्या भरली दहा हजार सहाशेंच्या आसपास! एका चौरस किलोमीटरांत एक माणूसही नाहीं. गुरें मात्र अगणित. इतकी जमीन व इतकीं थोडीं माणसें असतांना जमिनीवरून तंटा कसा व्हावा, असें वाचकांस वाटेल. ह्या प्रश्नाचें उत्तर म्हणजेच सांव फेलिक्सचा इतिहास होय.

नदीचीं लेकरें व पहिले वसाहतवाले

ह्या तीरावरील मूळचे रहिवासी काराझा लोक. ते स्वतःस 'इनी' म्हणवितात. आपले पूर्वज नदीच्या तळाखालील जगांतून वर आले असें ते सांगतात. मासेमारी हा त्यांचा धंदा. आणि त्यांच्या स्त्रिया मातीच्या ज्या बाहुल्या घडवितात त्यांस ब्राझील सरकारनें २०१२ सालीं राष्ट्रीय सांस्कृतिक ठेव्याचा मान दिला. उत्तरेस तापिरापे, आणि पश्चिमेस व दक्षिणेस शावांते, अशा इतर जमाती होत्या. तापिरापे तर रोगराईनें व शेजारच्या टोळ्यांच्या हल्ल्यांनीं जवळ जवळ नाहींसे झाले होते. १९५२ सालीं 'येशूच्या लहान भगिनी' ह्या संघाच्या कांहीं धर्मभगिनी त्यांच्यांत जाऊन राहिल्या, तेव्हां केवळ पन्नासेक माणसें उरलीं होतीं. त्या भगिनींनीं त्यांच्यासारख्याच झोंपड्या बांधल्या, त्यांच्यासारखेंच कसून खाल्लें व आजाऱ्यांची शुश्रूषा केली. आणि ती जमात पुन्हां वाढीस लागली. मिशनकार्याचें ह्याहून शांत व फलद्रूप उदाहरण आम्हांस क्वचितच आढळलें आहे.

सांव फेलिक्सचें गांव १९४१ सालीं सेव्हेरियानो नेव्हेस नांवाच्या गृहस्थानें वसविलें. त्याच्या आगेंमागें गोयास, मारान्यांव, पियाउई अशा गरीब प्रांतांतून कुटुंबें नदीमार्गें येत राहिलीं. त्यांच्याजवळ सनद नव्हती, खरेदीखत नव्हतें. जेथें झोंपडी बांधली, कसावा व भात लावला, थोडीं गुरें मोकळ्या कुरणांत सोडलीं, ती जमीन आपली, एवढाच त्यांचा कायदा. अशा कब्जेदारांस तेथें 'पोसेइरो' म्हणतात. पुराच्या दिवसांत गुरें उंचावर न्यावीं, पाणी ओसरतांच पुन्हां गवताळ पट्ट्यांत आणावीं, असें त्यांचें गोपालन होतें. आणि तीं कुरणें सर्वांच्या सामाईक वापराचीं होतीं. आपल्याकडील गायरान ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस हें निराळें सांगणें नको.

आपल्याकडील गाय

आतां गाईकडे वळूं. पोर्तुगीजांनीं युरोपांतून नेलेलीं गुरें उष्ण कटिबंधांत नीट टिकत नसत. ऊन व गोचीड त्यांस बाधत असे. एकोणिसाव्या शतकांत ब्राझीलच्या गोपालकांची दृष्टि भारताकडे वळली. १८७८ सालीं मानोएल लेमग्रुबेर नांवाच्या एका जमीनदारानें जर्मनींतील हांबुर्गच्या प्राणिसंग्रहालयांत आंध्र देशींचें ओंगोल जातीचें पांढरें, उंच वशिंडाचें जोडपें पाहिलें, आणि तें विकत घेऊन रिओ दी जानेइरो प्रांतांत नेलें. पुढें उबेराबा येथील व्यापारी स्वतः भारतांत येऊं लागले. काठेवाडची गीर, गुजरातची कांकरेज आणि नेल्लोरची ओंगोल अशा तीन जाती त्यांनीं जहाजांतून नेल्या. शेवटची मोठी आयात १९६२ सालच्या सुमारास झाली. तेव्हां तीं गुरें आधीं फर्नांदो दी नोरोन्या ह्या समुद्रांतील बेटावर अटकावून, रोगमुक्त ठरल्यावरच मुख्य भूमीवर उतरविण्यांत आलीं.

नेल्लोरवरून त्या जातीचें तेथील नांव 'नेलोरे' पडलें. आज ब्राझीलमध्यें गुरांची संख्या वीस कोटींहून अधिक, म्हणजे त्या देशांतील माणसांहूनही जास्त आहे. आणि मांसासाठीं पाळलेल्या गुरांपैकीं बहुतेकांच्या अंगांत हें आपल्याकडील रक्त आहे. काळी कातडी, आंखूड पांढरे केंस, लोंबती पोळी, थोडक्या चाऱ्यावर तग धरण्याची शक्ति, ह्या गुणांमुळें तें जनावर तेथें मूळच्याहून अधिक फोफावलें. गवत आफ्रिकेंतील, गाय भारतांतील, जमीन आदिवासींची व भांडवल शहरांतील, अशा चार गोष्टी एकत्र आल्या म्हणजे आराग्वायाचें 'फाझेंदा', म्हणजे गुरांचें विशाल शेत, तयार होतें.

सात लाख हेक्टरांचें कुंपण

१९६४ सालीं ब्राझीलमध्यें लष्कराची सत्ता आली. आमाझोनचा 'विकास' करावयाचा असें त्या सरकारनें ठरविलें, आणि १९६६ सालीं त्यासाठीं एक खास खातें स्थापन केलें. दक्षिणेकडील धनाढ्य कंपन्यांस अशी सवलत मिळाली कीं, सरकारास द्यावयाच्या प्राप्तिकराचा निम्मा भाग त्यांनीं आमाझोनांतील मान्य प्रकल्पांत गुंतवावा. अशा प्रकारें सरकारी पैशानेंच खासगी जमीनदारी उभी राहूं लागली. रस्ते नव्हते, बाजार दूर होता. अशा मुलुखांत जमिनीवर ताबा दाखविण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे जंगल तोडून, जाळून, गवत पेरून त्यावर गुरें सोडणें.

ह्या भागांतील 'सुया-मिसू' ह्या एकाच फाझेंदाचा विस्तार सुमारें सात लाख हेक्टर, म्हणजे सतरा लाख एकरांवर होता! तें ज्या जमिनीवर पसरलें ती शावांते लोकांची माराँइवात्सेदे नांवाची भूमि होती. १९६६ च्या ऑगस्ट महिन्यांत तेथील शावांतेंस हवाई दलाच्या विमानांत घालून शेंकडों किलोमीटर दक्षिणेस सांव मार्कोस येथील मिशनमध्यें नेऊन सोडण्यांत आलें. तेथें पोंचल्यावर थोड्याच दिवसांत गोवराची सांथ उद्भवली आणि त्यांतील अनेक मृत्युमुखीं पडले. सांव मार्कोसचें तें मिशन आपल्याच कॅथॉलिक ख्रिस्तसभेचें होतें, ही गोष्ट येथें झांकून ठेवणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. मिशनऱ्यांनीं निराश्रितांस आसरा दिला हें खरें. परंतु ज्या व्यवस्थेनें त्यांस निराश्रित केलें तिला तो आसरा सोयीचा झाला, हेंही तितकेंच खरें.

शावांतेंची जी दशा, तीच थोड्याफार फरकानें पोसेइरो कुटुंबांची झाली. राजधानींतील कचेरींत कागद होत. नदीकांठीं झोंपडी जळे. तिसरा वर्ग मजुरांचा. जंगल तोडावयास हजारों हात लागतात. एकदां गवत उगवलें म्हणजे शेंकडों गुरांमागें एखादा गुराखी पुरे होतो. म्हणून फाझेंदांस माणसें हवीं होतीं तीं एकदांच, आणि काम संपतांच नको होतीं. तीं गोळा करणाऱ्या दलालास तेथें 'गातो', म्हणजे मांजर, म्हणतात. आपल्याकडे ऊसतोडीच्या मजुरांस मुकादम जशी उचल देतो, तशी तो घरच्यांच्या हातीं कांहीं रक्कम ठेवी आणि माणसांस मालमोटारींत घालून घेऊन जाई. प्रवासाचा खर्च, कुऱ्हाड, तांदूळ, हिंवतापाचें औषध, सर्व कांहीं फाझेंदाच्या दुकानांतून, दुकानदार सांगेल त्या भावानें. हिशेब करतांना मजूरच देणें लागे. पळून जावें तर चोहोंकडे अरण्य व बंदूकधारी पहारेकरी. मेलेल्यास पेटीवांचून, नांवावांचून पुरीत.

धर्मविभागाची स्थापना

१९६९ च्या मार्च महिन्यांत परमगुरुस्वामी पोप सहावे पॉल ह्यांनीं सांव फेलिक्सचा धर्मविभाग स्थापन केला. पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा न मिळालेल्या अशा मिशन विभागास 'प्रेलेचर' म्हणतात. त्याचें क्षेत्र दीड लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळ जवळ निम्मा भाग. त्यासाठीं धर्मगुरु किती, तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

त्यांतील प्रमुख पेद्रो कासाल्दालिगा. स्पेन देशांतील काटालोनियांत १९२८ सालीं जन्मलेले, क्लॅरेशियन संघाचे धर्मगुरु, स्वभावानें कवि. १९६८ सालीं ते एका सहकाऱ्यासह ब्राझीलला आले आणि मालमोटारीनें कित्येक दिवस प्रवास करून सांव फेलिक्सला पोंचले. पहिल्या आठवड्यांतच चार अर्भकांचीं प्रेतें पादत्राणांच्या खोक्यांसारख्या पुठ्ठ्याच्या पेट्यांतून त्यांच्या घरासमोरून नेलीं गेलीं, असें ते पुढें सांगत. गांवांत डॉक्टर नव्हता, वीज नव्हती, टपाल नव्हतें. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं शाळा काढली, दवाखाना काढला, आणि 'आल्वोराडा', म्हणजे 'पहांट', नांवाचें छोटें पत्र चालू केलें.

२३ ऑक्टोबर १९७१ रोजीं आराग्वायाच्या तीरावर, उघड्या आकाशाखालीं, त्यांस बिशपपदाची दीक्षा मिळाली. रत्नजडित मुकुटाऐवजीं गवती टोपी, दंडाऐवजीं तापिरापे लोकांचें वल्हें, आणि सोन्याच्या अंगठीऐवजीं तुकूम नांवाच्या माडाच्या काळ्या करवंटीची अंगठी, असा त्यांचा थाट होता. त्याच महिन्यांत त्यांनीं आपलें पहिलें धर्मपत्र प्रसिद्ध केलें. जमीनदारीशीं संघर्षांत असलेली आमाझोनची एक ख्रिस्तसभा, असा त्याचा विषय होता. शंभराहून अधिक पानांच्या त्या पत्रांत केवळ उपदेश नव्हता. कोणत्या फाझेंदाकडे किती हेक्टर जमीन, कोणत्या मजुराचें काय झालें, कोणत्या गांवावर कोणतें संकट आलें, ह्याची नांवनिशीवार नोंद होती. सेमिनरींत आम्हांस धर्मपत्रें कशीं लिहितात हें शिकविलें होतें. परंतु धर्मपत्र हें पंचनाम्यासारखेंही लिहितां येतें, हें आम्ही ह्या पत्रावरून शिकलों.

दोन प्रसंग

ह्या नोंदीची किंमत लवकरच मोजावी लागली. उत्तरेकडील सांता तेरेझिन्या ह्या गांवीं फ्रांस्वा झांतेल नांवाचे फ्रेंच धर्मगुरु बरींच वर्षें पोसेइरो कुटुंबांसह राहत होते. गांवच्या जमिनीवर एक वसाहत कंपनी हक्क सांगत होती. गांवकरी आरोग्यकेंद्र बांधीत असतां ३ मार्च १९७२ रोजीं कंपनीचीं माणसें व पोलीस चालून आले. गांवकऱ्यांनीं प्रतिकार केला. १९७३ सालीं लष्करी न्यायालयानें फादर झांतेल ह्यांस दहा वर्षांची शिक्षा ठोठावली. ती पुढें रद्द झाली. परंतु १९७५ सालीं त्यांस देशाबाहेर घालविण्यांत आलें. गांवकऱ्यांस मात्र जमिनीचा कांहीं भाग मिळाला.

दुसरा प्रसंग १९७६ सालचा. त्या वर्षीं १३ मे रोजीं सांव फेलिक्सची स्वतंत्र नगरपालिका झाली. १८८८ सालीं त्याच तारखेस ब्राझीलमध्यें गुलामगिरी कायद्यानें बंद झाली होती. त्याच वर्षीं ११ ऑक्टोबर रोजीं बिशप कासाल्दालिगा व जेज्विट धर्मगुरु फादर जोआंव बोस्को पेनिदो बुर्निये हे दोघे रिबेरांव बोनीतो ह्या खेड्यांत आले. दुसऱ्या दिवशीं ब्राझीलची आश्रयदात्री आपारेसिदाची पवित्र मरिया हिचा सण होता. गांवच्या पोलीस चौकींत दोन स्त्रियांचा छळ चालला आहे, त्यांचें ओरडणें रस्त्यावर ऐकूं येतें, असें लोकांनीं सांगितलें. त्यांच्या एका नातलगावर पोलिसाच्या खुनाचा आळ होता, एवढाच त्यांचा अपराध. दोघे धर्मगुरु संध्याकाळीं चौकीवर गेले आणि त्यांनीं शांतपणें रदबदली केली. फादर बुर्निये म्हणाले, हें आपण वरिष्ठांस कळवूं. एका शिपायानें त्यांच्या तोंडावर प्रहार केला व लगेच डोक्यांत गोळी घातली. दुसऱ्या दिवशीं, मातेच्या सणादिवशीं, गोयानिया नगरांत त्यांनीं देह ठेवला.

सातव्या दिवसाच्या मिस्सानंतर खेड्यांतील लोक क्रूस घेऊन मिरवणुकीनें चौकीपर्यंत गेले. तेथें त्यांनीं तो क्रूस रोंवला आणि ती चौकी आपल्या हातांनीं पाडून टाकली. आज तें खेडें रिबेरांव कास्काल्येरा ह्या नांवानें स्वतंत्र नगरपालिका झालें आहे, आणि तेथें हुतात्म्यांचें मंदिर असून ठराविक वर्षांनीं यात्रा भरते. लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट अशी कीं, ह्याच १९७६ सालीं आपल्या भारतांत वेठबिगार पद्धति बंद करणारा कायदा संमत झाला.

माराँइवात्सेदे

शावांतेंचें पुढें काय झालें? सुया-मिसूची मालकी कालांतरानें एका इटालियन कंपनीकडे गेली. १९९२ सालीं रिओ दी जानेइरो येथें पृथ्वीच्या पर्यावरणाविषयीं राष्ट्रांची परिषद भरली असतां, ही जमीन शावांतेंस परत करूं, असें वचन त्या कंपनीनें दिलें. परंतु वचन व ताबा ह्यांत अंतर असतें. स्थानिक पुढाऱ्यांच्या चिथावणीनें बाहेरचे लोक त्या जमिनींत घुसले. त्यांत मोठे पशुपालक होते, तसे भूमिहीन गरीबही होते. १९९८ सालीं राष्ट्राध्यक्षांनीं सुमारें एक लाख पासष्ट हजार हेक्टर जमीन शावांतेंची म्हणून मान्य केली. तरी त्यांस रस्त्याच्या कडेला तळ ठोकून राहावें लागलें, आणि २००४ सालीं कोठें एका भागांत प्रवेश मिळाला. अखेर २०१२ च्या डिसेंबरांत न्यायालयाच्या हुकुमावरून सरकारनें इतरांस तेथून हलविण्यास आरंभ केला. विमानांतून नेलेल्या लोकांस परत येण्यास जवळ जवळ अर्धें शतक लागलें; आणि परत आले तेव्हां अरण्याच्या जागीं बहुतेक गवत होतें.

त्या डिसेंबरांत चौऱ्याऐंशीं वर्षांचे, कंपवातानें जर्जर झालेले निवृत्त बिशप कासाल्दालिगा ह्यांस ठार मारण्याच्या धमक्या आल्या, आणि कांहीं काळ त्यांस गांव सोडून जावें लागलें. ते पुन्हां परत आले. २००५ सालीं निवृत्त झाल्यावरही ते सांव फेलिक्समध्येंच राहिले होते. १९६८ सालीं सोडलेल्या स्पेन देशीं ते पुन्हां कधींच गेले नाहींत. त्यांच्या जागीं आलेले फ्रांसिस्कन बिशप लिओनार्दो स्टाइनर हे पुढें मानाउसचे आर्चबिशप व २०२२ सालीं कार्डिनल झाले.

८ ऑगस्ट २०२० रोजीं बिशप कासाल्दालिगा निवर्तले. महामारीमुळें आपल्याकडेही मंदिरांचीं दारें बंद असतांना आम्हीं तें वृत्त वाचलें. त्यांच्या इच्छेप्रमाणें त्यांस आराग्वायाच्या कांठच्या जुन्या काराझा स्मशानभूमींत मूठमाती देण्यांत आली. त्यांच्या एका बाजूस एक मजूर व दुसऱ्या बाजूस एक वेश्या चिरनिद्रा घेत आहे. ज्या भूमींत नांवावांचून माणसें पुरलीं गेलीं, तेथें बिशपानें आपली जागा मागून घेतली.

आजचें गांव व आपला धर्मग्राम

आजचें सांव फेलिक्स शांत गांव आहे. जुलैमध्यें नदी ओसरली म्हणजे वाळूवर यात्रेकरूंची गर्दी होते. गुरांबरोबर आतां सोयाबीनचें पीकही आलें आहे. वेठीनें राबविलेल्या मजुरांच्या सुटकेसाठीं सरकारचें फिरतें निरीक्षक पथक १९९५ पासून काम करीत आहे. ख्रिस्तसभेनें १९७२ सालीं आदिवासींसाठीं व १९७५ सालीं जमिनीच्या प्रश्नासाठीं स्थापिलेल्या दोन्ही संस्था अद्याप जागत्या आहेत. त्या दोहोंच्याही पायाभरणींत बिशप कासाल्दालिगांचा हात होता. पोप फ्रान्सिस ह्यांनीं २०१९ सालीं आमाझोनसाठीं बिशपांची खास परिषद भरविली. परंतु सर्व तंटे मिटले असें म्हणणें सत्यास धरून होणार नाहीं.

हें सर्व आम्हीं जुबिलीच्या अंकांत कां लिहिलें? नाबोथाच्या द्राक्षमळ्याची कथा आपण पवित्र शास्त्रांत वाचतों, तेव्हां आपण स्वतःस नेहमीं नाबोथ समजतों. आपली जमीन कोणी घेऊं पाहतो, हें भय आपल्या वाडीवाडींत आहे आणि तें खोटें नाहीं. परंतु इतिहास प्रामाणिकपणें वाचावयाचा तर आणखी एक प्रश्न विचारावा लागतो. आपल्या वाड्यांतील विहिरी कोणीं खणल्या? भाताची लावणी कोणाच्या हातांनीं झाली? आपल्या ह्याच मुलुखांत वारली तरुण लग्नासाठीं कर्ज काढीत आणि नवराबायको दोघें वर्षानुवर्षें सावकाराच्या दारीं राबत. त्यांस लग्नगडी म्हणत. ती उचल आणि आराग्वायाच्या 'मांजरा'ची उचल ह्यांत आम्हांस फारसा भेद दिसत नाहीं. आपले पूर्वज कष्टाळू होते, धर्मनिष्ठ होते. परंतु त्यांच्या कष्टांच्या शेजारीं दुसऱ्यांचेही कष्ट होते, आणि आपल्या स्नानसंस्काराच्या, विवाहाच्या व मृत्यूच्या वह्यांत त्यांचीं नांवें नाहींत. आजही गांवांतील भाड्याच्या खोल्यांतून दूरच्या प्रांतांतील मजूर राहतात. त्यांचें नांव आपल्यांपैकीं किती जणांस ठाऊक आहे?

म्हणून ह्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षीं आमची एक विनंती आहे. ज्या घरांत जुन्या माणसांस अशीं नांवें आठवत असतील, विहीर खणणाऱ्याचें, गुरें राखणाऱ्याचें, वाडी शिंपणाऱ्या बाईचें, त्यांनीं तीं आमच्याकडे आणून द्यावीं. धर्म कोणताही असो. आम्ही तीं एका वहींत लिहून ठेवूं, आणि येत्या मृतांच्या दिनीं वेदीपुढें वाचूं. वही लहान असेल. परंतु आपल्या धर्मग्रामाच्या इतिहासांत जें पान गळालें आहे तें तिच्यानें कांहीं अंशीं भरून निघेल.

ज्या प्रभूस जन्मतांना सराईंत जागा मिळाली नाहीं व मृत्यूनंतर दुसऱ्याच्या थडग्यांत ठेवण्यांत आलें, तो आराग्वायाच्या तीरावरील व आपल्या शिवेवरील सर्व भूमिहीनांस आपल्या राज्यांत स्थान देवो. संत गोन्सालो गार्सिया आपणांसाठीं विनंती करो. आणि पवित्र मरिया आपल्या धर्मग्रामास ह्यापुढील पन्नास वर्षें सांभाळो, हीच आमची प्रार्थना.